निनावी पत्र, पान एकशे सत्त्याऐंशी

१

माझ्या भावाचा केसाने गळा कापला गेला होता, त्याचा पुरावा मला कोर्टाच्या बाडात पान एकशे सत्त्याऐंशीवर सापडला.

ते बाड वकीलबाईंच्या टेबलावर होतं. हेलन कारुआना त्यांचं नाव, डँडेनाँग या परदेशातल्या आमच्या उपनगरात, स्टेशनासमोर बेकरीच्या माडीवर त्यांचं ऑफिस. केस उभी राहण्याआधी सरकारी पक्षाने सगळी कागदपत्रं बांधून द्यायची, असा इथला नियम आहे. माझा भाऊ यावर, त्याचा आश्रयाचा अर्ज आधी खात्याने फेटाळला, मग न्यायाधिकरणाने. न्यायाधिकरणाच्या निकालात एकच वाक्य होतं, की अर्जदार जागोरीचा आहे हे आम्हाला पटत नाही. कशावरून, ते कुठेच लिहिलं नव्हतं. यावर गझनीकडच्या जागोरीत जन्मला, तिथल्या शाळेत शिक्षक होता, शाळेत मुली बसवतो म्हणून त्याला रस्त्यात दोनदा अडवलं, आणि तिसऱ्यांदा अडवतील म्हणून तो बोटीत बसला. हे सगळं मला ठाऊक, कारण मी त्याची मोठी बहीण आहे.

मी ताहिरा. वीस वर्षं मी इथे आम्हा हजारा लोकांच्या हजारगी बोलीची दुभाषी आहे. कोर्टात, इस्पितळात, तुरुंगात जाते आणि दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवते. भावाच्या केसमध्ये मला तोंड उघडायची मुभा नाही. पण पानं उलटायला कुणी बंदी केली नव्हती.

पत्र इंग्रजीत टाईप केलेलं होतं, खाली नाव नव्हतं. लिहिलं होतं की यावर हा जागोरीचा नाहीच. तो पाकिस्तानी नागरिक, क्वेट्ट्यात त्याचं जोड्यांचं दुकान आहे. चोवीस फेब्रुवारी दोन हजार अकरा या दिवशी क्वेट्ट्यात त्याच्या मामेभावाचं लग्न झालं, तेव्हा तो तिथेच होता, त्या लग्नाचा फोटो त्याच्या खोलीत आजही आहे. वर कुणा कारकुनाचा शिक्का होता, ‘गोपनीय, अर्जदारास दाखवू नये’.

कारुआनाबाई खूश होत्या. त्यांनी मला समजावलं की वरच्या कोर्टातला जज यावर खरा की खोटा हे बघत नाही. निकाल देताना नियम पाळले का, एवढंच बघतो. हे पत्र यावरला दाखवलं नाही, त्याला उत्तर द्यायची संधी दिली नाही, म्हणजे निकाल रद्द होणार. त्या म्हणाल्या, आपण जिंकलो समज.

"मग यावरला व्हिसा मिळेल?" मी विचारलं.

"नाही. केस परत न्यायाधिकरणाकडे जाईल. नवी सुनावणी होईल."

"आणि पत्र?"

"पत्र फायलीतच राहील. त्या वेळी ते समोर ठेवून विचारतील. ज्याने लिहिलं त्यानेच ते शपथेवर मागे घेतलं तर गोष्ट वेगळी. पण तो कोण, हे तर आपल्याला माहीत नाही."

यावरची बायको आणि दोन मुली अजून जागोरीत आहेत. थोरली बारा वर्षांची आहे. यावर हरला तर त्याला त्याच रस्त्यावर परत सोडतील, आणि त्या रस्त्यावर हजारा चेहरा ओळखायला कागद लागत नाही. मी पत्राची नक्कल पर्समध्ये टाकली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात कोर्टही नव्हतं आणि व्हिसाही नव्हता. मला तो माणूस हवा होता. शुक्रवारी भर मशिदीत त्याला उभा करून त्याचं नाक कापायचं होतं.

२

दुकान शुद्ध थाप होती. लग्न मात्र खरं होतं.

यावरने ते माझ्यापाशीच मान खाली घालून कबूल केलं. मामेभावाच्या लग्नाला तो चोरवाटेने सीमेपलीकडे गेला, बारा दिवस राहिला आणि परत आला. अर्जात त्याने हे लिहिलं नाही, कारण पाकिस्तानचं नाव काढलं की हे लोक आपल्याला तिकडचेच ठरवतील, अशी त्याला भीती होती. घाबरट माणसाची हुशारी अशीच असते. मी त्याला चार शब्द सुनावले, त्याने ऐकून घेतले.

"फोटो कुठे आहे?" मी विचारलं.

तो त्याच्या खोलीत, कुराणाच्या फडताळाखाली टांगलेला. चौकटीत नवरानवरी, बाजूला यावर, मागे हॉलची रोषणाई. फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर यावरने स्वतःच्या हाताने शाईने लिहिलं होतं, ‘५ हूत १३९०’. हूत म्हणजे आमच्या वर्षाचा शेवटचा महिना. तो संपला की मार्चात नवरोज येतो आणि नवं साल लागतं.

मी त्याला विचारलं की हा फोटो कुठला आणि लग्न कुठे झालं, हे त्याने कुणाकुणाला सांगितलं. त्याने बोटांवर मोजलं. एक, खोलीतला जोडीदार बरात. दोन, चमन, म्हणजे त्या नवऱ्या मुलाचाच थोरला भाऊ, त्यानेच फोटो दिलेला. आणि तीन, कर्बलाई खादिम; कर्बलेची यात्रा करून आलेल्याला आमच्यात कर्बलाई म्हणतात. आमची आई तिकडे वारली तेव्हा कर्बलाई सात गुरुवार त्या खोलीत येऊन कुराण वाचून गेले होते. एका गुरुवारी त्यांनी फोटोबद्दल विचारलं आणि यावरने सांगून टाकलं.

"चौथा कुणी?"

"चौथा कुणी नाही, आपा. मी मूर्ख आहे, पण इतका नाही."

कर्बलाईंचं नाव मी तिथेच खोडलं. आमच्या वस्तीत निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनी भरून दिलेत, एक छदाम न घेता. इंग्रजी त्यांनी काबूलला शिकलेलं, अक्षर मोत्यासारखं. एकुलता एक मुलगा गेला तरी माणूस कडवट झाला नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

राहिले दोघे, आणि दोघांनाही यावरशी वैर होतं.

३

बरात क्वेट्ट्याचाच. जन्म तिथला, शाळा तिथली. वय बावीस, जीभ बेचाळीस वर्षांची. गेल्या वर्षी त्याचं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलीच्या बापाने यावरकडे चौकशी केली. यावरने सांगितलं की पोरगा चांगला आहे, पण पत्ते खेळतो. लग्न मोडलं. तेव्हापासून दोघे एका छताखाली राहून एकमेकांशी फक्त भांड्यांच्या आवाजाने बोलतात.

मी गेले तेव्हा तो अंगणात गाडी धूत होता. मी पत्राचं अवाक्षर काढलं नाही. इकडचं तिकडचं बोलून म्हटलं, यावरवर अजून राग आहे का रे.

"आहे तर. पण माझा राग मी त्याच्या तोंडावर काढतो, आपा. आठवड्यातून एकदा त्याच्या चहात मीठ घालतो. त्याला अजून वाटतं की इथलं पाणीच खारट आहे."

मला हसू आलं, ते मी दाबलं. त्या फोटोतलं लग्न तुला माहीत होतं का, असं विचारलं. तो म्हणाला, माहीत म्हणजे काय, आमच्याच गल्लीत झालं. त्याच्या मॅट्रिकच्या परीक्षेच्या आदल्या महिन्यात. रात्रभर ढोल वाजत होता म्हणून गणितात गेलो, असं त्याने बापाला सांगितलं होतं.

"तुझी मॅट्रिक कधीची?"

"दोन हजार बारा. गुणपत्रिका दाखवू? नको, लाज वाटते."

मी घरी आले आणि वहीत लिहिलं, बरात, दोन हजार बारा. पत्रात तर अकरा होतं. टाईप करताना चुकलं असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तोंडात घोळवते आणि समोरची तारीख मला दिसली नाही.

४

चमनची तंदूर-नानची भट्टी आहे. त्याचा राग बरातपेक्षा जुना. त्याला यावरची थोरली आपल्या मोठ्या मुलासाठी हवी होती. यावरने निरोप पाठवला की मुलगी शिकतेय, दहा वर्षांची पोर मी कुणाला द्यायची नाही. चमनने हा निरोप चारचौघांत ऐकला. त्या दिवसापासून रस्त्यात यावर दिसला की तो पलीकडच्या फुटपाथवर जातो, आणि माझ्या पिशवीत नान टाकताना वरचा करपलेला निवडून टाकतो.

मला वाटलं, हाच. मनातल्या मनात मी त्याला मशिदीत उभाही केला.

भट्टीवर गर्दी ओसरल्यावर मी त्याच्यासमोर बसले. त्याने चहा पुढे केला आणि म्हणाला की यावरची वकिली करायला आली असशील तर चहा पी आणि जा. मी म्हटलं, तुझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचं बोलायला आलेय. कधी झालं रे ते?

त्याला साल सांगता येईना. त्याने भट्टीच्या दारात पीठ मळत बसलेल्या बायकोला हाक मारली. ती म्हणाली, त्यात काय विचारायचं, लग्नात मला आठवा संपत आला होता, चाळीस दिवसांनी आपला धाकटा झाला. आता तो सहा वर्षांचा, पहिलीत आहे. चमन म्हणाला, हं, म्हणजे सहा वर्षं. त्याच्याच वाढदिवसावरून आम्ही त्यांच्या लग्नाचा वाढदिवस मोजतो.

यंदा दोन हजार अठरा, सहा वर्षांपूर्वी म्हणजे पुन्हा बारा.

"मला यावर आवडत नाही," चमन मला दारापर्यंत पोचवताना म्हणाला. "पण तो त्या लग्नात चोरून आला, मार खाऊन परत गेला, हे माझ्यासाठी केलं होतं. त्याचं मीठ खाल्लंय मी. त्याच्या कागदांना काही झालं असेल तर माझ्याकडे बघू नकोस."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला तो या वाक्यामुळे नाही. गोड बोलणारे मी कोर्टात रोज ऐकते. मी विश्वास ठेवला कारण दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं की मला साल कशासाठी हवंय, आणि दोघांकडूनही ते सहज आणि अचूक निघालं. जो त्या लग्नात होता, त्याच्या तोंडात अकरा येणारच नव्हतं. मुद्दाम चुकवायचं असतं तर चोवीस तारीख कशाला नेमकी ठेवली असती?

पण मग तिसरा उरत होता, आणि त्याचं नाव मीच खोडलं होतं.

५

उत्तर मला लहान मुलांच्या दवाखान्यात मिळालं. मी तिथे कामावर होते. एक हजारा बाई, कडेवर मुलगी. नर्सने पोरीला वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठी घातली. म्हणाली, साडेपाच वर्षांच्या मानाने वजन फारच कमी आहे, शिवाय हिला या वर्षी शाळेत का घातलं नाही. मी ते आईला सांगितलं.

आई हसायला लागली. "कुठली साडेपाच? साडेचार म्हण. चौदाशे सालाला आठ कमी असताना दलव महिन्यात झालीये ती, बाहेर गुडघाभर बर्फ होता."

कागदावर जन्म जानेवारी दोन हजार तेरा होता. दलव हूतच्या आधीचा महिना. तेराशे ब्याण्णवचा दलव म्हणजे दोन हजार चौदा. मी विचारलं, कागद कुणी भरले. ती म्हणाली, कुणी म्हणजे, कर्बलाईंनी.

मी खुर्चीत बसल्या बसल्या बोटांवर मोजलं. आमचं साल त्यांच्या सालात बदलायचं तर आम्ही सगळे सहाशे एकवीस मिळवतो. ही युक्ती आमच्याकडे पोरापोराला पाठ असते, आणि नवरोजपासून डिसेंबरपर्यंत ती बरोबर चालते. पण जानेवारीत यांचं साल पुढे जातं आणि आमचं जागेवरच राहतं. त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटच्या तीन महिन्यांना सहाशे बावीस मिळवावे लागतात. घाईत किंवा हट्टात माणूस हे विसरला की दिवस बरोबर येतो, महिना बरोबर येतो आणि साल एकाने मागे पडतं. तेराशे नव्वदमध्ये सहाशे एकवीस मिळवले की दोन हजार अकरा.

म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला लग्न आठवत नव्हतं. त्याने ते पाहिलंच नव्हतं. त्याने फोटोखालची तारीख वाचली आणि हिशेब केला.

एका पोरीवरून माणसाला फासावर देऊ नये, म्हणून मी शुक्रवारी बायकांच्या शिवणवर्गात गेले. नऊ जणींचे अर्ज कर्बलाईंनी भरलेले होते. मी प्रत्येकीला तिच्या लग्नाची, बाळंतपणाची, घरच्या मयताची तारीख विचारली आणि कागदाशी ताडून पाहिली. उन्हाळ्यातली एकही चूक नाही. दलव आणि हूतमधली एकही बरोबर नाही.

चोर सापडला होता. का, ते कळत नव्हतं. यावरने त्या म्हाताऱ्याचं काय घोडं मारलं होतं?

मग मला त्याचा मुलगा आठवला. एहसान. सहा वर्षांपूर्वी त्याच्या सुनावणीत दुभाषी मी होते.

६

कर्बलाई खादिम एकटे राहतात. बाहेरच्या खोलीत अर्ज भरायचं टेबल, त्यावर काच, काचेखाली एहसानचा फोटो. मी आत शिरले तेव्हा ते काळ्या चहात वेलची कुटून टाकत होते. मी पत्राची नक्कल काचेवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून मिटून ठेवला.

"बराच वेळ लागला तुला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं तू हुशार आहेस."

नाकारतील, रडतील, कुराणावर हात ठेवतील, अशी माझी तयारी होती. ही नव्हती.

"यावरने तुमचं काय केलं होतं, कर्बलाई?"

"काही नाही. पोरगा चांगला आहे. पण तुला दुसरा भाऊ नाही."

मग त्यांनी सांगितलं, शांतपणे, अर्ज वाचून दाखवावा तसं. सुनावणीत ते एहसानच्या मागे बसले होते. एहसानची बस ज्या दिवशी जाळली, ती तारीख लेखी अर्जात तीस जानेवारी दोन हजार नऊ होती. अधिकाऱ्याने एहसानला विचारलं, बस कधी जळली. एहसान म्हणाला, दहा दलव तेराशे अठ्ठ्याऐंशी. अधिकारी म्हणाला, आमच्या सालात सांगा. आणि मी सांगितलं, तीस जानेवारी दोन हजार दहा. अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. लेखी एक, तोंडी दुसरं. निकालात लिहिलं की हा इसम खरं बोलत नाही. सहा महिन्यांनी एहसानने स्वतः होऊन परत जायच्या कागदावर सही केली, आणि त्यानंतर चाळीस दिवसांत गझनीच्या रस्त्यावर त्याला गाडीतून उतरवलं.

"माझ्या मुलाच्या तोंडात तू दुसरं साल घातलंस," कर्बलाई म्हणाले. "घाई होती, की लक्ष नव्हतं, की माणसांची तुला किंमत नाही, ते तू जाणे. मी पाच वर्षं तुला सलाम केला. मग यावरचा अर्ज आला आणि मला कळलं की अल्लाने माझं ऐकलं."

माझं डोकं गरम झालं. मी काचेवरची पेन्सिल उचलून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, कर्बलाई, दहा दलव तेराशे अठ्ठ्याऐंशी, करा हिशेब. त्यांनी केला. सहाशे एकवीस मिळवले आणि दोन हजार नऊ लिहिलं, सुवाच्य.

"तेराशे अठ्ठ्याऐंशीचा नवरोज कोणत्या सालात झाला?"

"दोन हजार नऊच्या मार्चमध्ये."

"मग दलव त्याच्या आधी आला की नंतर?"

ते कागदाकडे बघत राहिले. मी घाई केली नाही. मी हे मनापासून केलं, हे लपवत नाही. माझ्या भावाच्या दोन पोरी डोळ्यांसमोर ठेवून मी त्या म्हाताऱ्याला त्याच्याच पेन्सिलीने एक एक महिना पुढे सरकवत जानेवारीपर्यंत नेलं, आणि जानेवारीत सोडून दिलं. मशिदीत नाक कापून जे मिळालं नसतं ते मला तिथे मिळालं. एहसान खरं बोलला होता, मी खरं पोचवलं होतं. खोटं साल बापाने लिहिलं होतं.

त्यांनी कागदावर दोन हजार दहा लिहिलं. मग आकड्यावर बोट ठेवून बसले. चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी उठले नाहीत.

"त्या दिवशी तुझ्या लक्षात आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"अधिकाऱ्याने लेखी साल वाचलं तेव्हा. तू रोज हेच करतेस. सहाशे एकवीसची चूक आहे, हे तुला कळलं होतं का?"

मला नाही म्हणता आलं असतं. कुणी साक्षीदार नव्हता.

"हो," मी म्हटलं. "त्याच क्षणी."

"मग?"

"दुभाष्याने आपल्या पदरचं बोलायचं नसतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले."

मला वाटलं की आता ते मला हाकलतील, आणि पत्र जन्मभर फायलीत राहील. माझ्या सूडाने माझ्याच भावाची दोरी कापली होती. मी त्यांच्यासमोर हात जोडले. त्यांच्याकडे आलेल्या हजार बायांसारखीच मीही आता एक अर्जदार होते.

"पत्र मी लिहिलं, सूडाने लिहिलं, दुकान खोटं आहे, हे सगळं मी शपथेवर देतो," कर्बलाई शेवटी म्हणाले. "तूही दे. एहसानच्या सुनावणीत काय झालं आणि तुला काय कळलं, ते सगळं लिही. माझ्या मुलाच्या कागदावर खोटारडा लिहिलंय. ते पुसलं पाहिजे."

"सुनावणीतलं बाहेर बोलले तर माझा परवाना जाईल, कर्बलाई."

"जाऊ दे," ते म्हणाले.

७

इथे औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टसमोरही शपथपत्र करता येतं. सोमवारी आम्ही दोघे खोकल्याच्या औषधांच्या रांगेत उभे राहिलो, मी पुढे आणि ते मागे. काउंटरवर व्हिएतनामी बाई होती. तिने विचारलं, यातला मजकूर खरा आहे ना. आधी मी हो म्हटलं, मग त्यांनी. तिने दोन्ही कागदांवर एकच शिक्का मारला.

वरच्या कोर्टाने न्यायाधिकरणाचा निकाल वीस मिनिटांत रद्द केला. जजसाहेबांनी यावरकडे पाहिलंही नाही, कारण तो खरा की खोटा हा त्यांचा प्रश्नच नव्हता. चार महिन्यांनी न्यायाधिकरणात नवी सुनावणी झाली. पान एकशे सत्त्याऐंशी पुढे ठेवलं गेलं आणि त्याच्यावर कर्बलाईंचं शपथपत्र. यावरने लग्नाचंही खरं सांगून टाकलं. यावेळी विश्वास बसला. वसंतात त्याला व्हिसा मिळाला. आता बायको-मुलींचे कागद चालू आहेत, ते कारुआनाबाईंनीच भरले.

माझा परवाना गेला. मी शिवणवर्गात काजं करते. कर्बलाईंनी काय केलं होतं हे वस्तीत पसरलं, मी पसरवलं नाही, पण थांबवलंही नाही. त्यांच्याकडे अर्ज घेऊन जाणं लोकांनी बंद केलं. तरी ते जुन्या याद्या काढून ज्यांच्या ज्यांच्या हिवाळ्यातल्या तारखा होत्या, त्यांच्या दारी जातात. काही घरं दार उघडतात, काही उघडत नाहीत.

एहसानबद्दलच्या माझ्या शपथपत्राला दोन महिन्यांनी उत्तर आलं, तीन ओळींचं. कर्बलाईंनी मला बोलावलं. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येतं, तरी पत्र माझ्या हातात देऊन ते म्हणाले की आपल्या भाषेत सांग. मी सांगितलं, ‘या प्रकरणात निर्णय झालेला आहे. अर्जदार सध्या देशात नाही. त्यामुळे नोंदीत बदल करता येत नाही.’

त्यांनी ऐकून घेतलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"गुरुवारी ये," कर्बलाई म्हणाले. "आणि दर गुरुवारी येऊन मला हेच सांगत जा."

मी जाते.